किंमत मोजणारी माणसं

२०१६च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा अण्णा नाईक मेलेले होते. सिंधुदुर्गातला वाडा, अण्णांच्या मृत्यूनंतर तिथं गोळा झालेलं कुटुंब आणि मग एकेक करून बाहेर येणारी भुतं, काही खरी, काही कागदोपत्री, अशी त्या मालिकेची मांडणी होती. २०१९च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं ते काळात मागं जाऊन, आणि त्यात अण्णा जिवंत होते. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला हा माणूस बायकोला पायपुसण्यासारखं वागवणारा, गावाला धाकात ठेवणारा, दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा, वेळ आली तर जीव घेणारा. घरात तर सोडाच, असा माणूस आळीतही नको. तरी रात्री साडेदहाला अर्धा महाराष्ट्र त्याच्यासमोर बसायचा. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता ही जोडी लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या देखाव्यापर्यंत पोचली.

त्याच वर्षांत संध्याकाळी सात ते दहा या वेळेत निरनिराळ्या वाहिन्यांवर कितीतरी सद्गुणी नायिका नांदत होत्या. त्या पहाटे उठायच्या, सगळ्यांचं करायच्या, अपमान गिळायच्या आणि शेवटी सगळ्यांना माफ करायच्या. त्यांतल्या निम्म्या जणींची नावं आज आठवत नाहीत.

याचं तयार उत्तर असं की, वाईटाचं माणसाला आकर्षणच असतं. मला ते पटत नाही. नुसतं वाईट असणं पुरेसं असतं, तर एक भुवई उंचावून कॅमेऱ्याकडे बघणारी प्रत्येक जाऊ आणि प्रत्येक आत्याबाई अजरामर झाली असती. त्याही विस्मरणात गेल्या. अण्णा राहिले याचं कारण त्यांच्या दुष्टपणात नाही, ते वेगळ्या गोष्टीत आहे. अण्णांना काहीतरी हवं असतं, ते मिळवायला ते स्वतः उठून जातात आणि त्या प्रत्येक पावलाची वसुली पुढं होते. पहिल्या पर्वामुळं त्यांचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक होता. बापानं जे पेरलं ते त्याची मुलं कसं कापतात, तेही पाहून झालं होतं. त्यामुळं ‘आता काय होणार’ ही उत्सुकता संपलेलीच होती. तरी माणूस बघावासा वाटला, कारण प्रत्येक भागात तो काहीतरी ठरवत होता.

मालिकेतलं मुख्य पात्र कशामुळं पाहण्याजोगं ठरतं, या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. ते चांगलं आहे की वाईट, देखणं आहे की नाही, आपल्यासारखं आहे की परकं, हे सगळं नंतर. आधी पाहायच्या त्या दोन गोष्टी : निर्णय त्याच्या हातात आहे का, आणि त्या निर्णयाची किंमत त्याला मोजावी लागते का. मराठी मालिकांची गेली पाचेक दशकं या दोन प्रश्नांनी चाळून पाहिली, तर कोण राहिलं आणि कोण वाहून गेलं याचा बराचसा हिशेब लागतो.

भित्रा चिमणराव, भांडखोर रजनी

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कागदावर पाहिलं तर चिमणरावात नायकाचं एकही लक्षण नाही. तो पेशानं कारकून, अंगानं किरकोळ, स्वभावानं भित्रा. शौर्य वगैरे जे काही लागेल ते गुंड्याभाऊच्या वाट्याला दिलेलं.

पण चिमणराव स्वस्थ बसत नाही. चारचौघांत आपलं हसं होऊ नये म्हणून तो काहीतरी ठरवतो आणि नेमकं त्यामुळंच हसं होतं. त्याचं संकट कधी आभाळातून पडत नाही, ते त्यानंच ओढवून घेतलेलं असतं. विनोदी पात्राचं सगळं बळ इथं असतं. प्रभावळकरांचा किनरा आवाज, खांदे पाडून चालणं, संकट दिसताच चेहऱ्यावर येणारं ओशाळं हसू, हे सगळं त्या स्वभावातून आलेलं होतं. वरून चिकटवलेल्या लकबी चार भागांत शिळ्या होतात. स्वभावातून आलेली लकब शिळी होत नाही, कारण प्रत्येक नव्या प्रसंगात ती नवं काम करते.

१९८५मध्ये राष्ट्रीय दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘रजनी’ आली. भाषा हिंदी, पण रजनी झाली होती प्रिया तेंडुलकर, विजय तेंडुलकरांची मुलगी. मध्यमवर्गीय गृहिणी, हातात पर्स, ओठांवर प्रश्न. गॅस सिलिंडरवाला असो की टॅक्सीवाला, रजनी ऐकून घेत नाही. तिच्यामुळं लोक इतके चिडले की, टॅक्सीचालकांनी तिच्या एका भागाविरुद्ध निषेध नोंदवला. मालिकेतल्या पात्रावर खऱ्या माणसांनी रागवावं, याहून मोठी पावती नाही. रजनीचं वेगळेपण तिच्या तडफेत होतं, तसंच ती भांडण सुरू करते यातही होतं. त्याआधी पडद्यावरच्या बाईवर भांडण येऊन आदळत असे.

रजनीची मर्यादाही तिथंच होती. ती कायम बरोबर असते. बरोबर असण्याची तिला फारशी किंमत मोजावी लागत नाही, भाग संपेपर्यंत समोरचा वरमतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास हे चालून जातं. अशी रजनी रोज घरात आली असती, तर महिन्याभरात आपणच तिला टाळलं असतं.

भगवंतीचा धडा

रजनीच्या आधी वर्षभर, ७ जुलै १९८४ला, ‘हम लोग’ सुरू झाली होती. ही भारतीय दूरचित्रवाणीवरची पहिली मोठी मालिका. तिच्या जन्माची गोष्ट मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री, वर्ध्याचे खासदार वसंत साठे १९८२मध्ये मेक्सिकोला गेले होते. तिथं मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्यानं मालिकांतून लोकशिक्षण करण्याची एक पद्धत बसवली होती. त्यामागं आणखी एक गोष्ट होती. १९६९मध्ये पेरूमध्ये ‘सिंप्लेमेंते मारिया’ ही मालिका गाजली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण मारिया शिवण शिकते आणि पुढं मोठी वेशभूषाकार होते. ती पाहून शिलाई यंत्रांची विक्री वाढली. कुणी उपदेश केला नव्हता, मारिया शिवताना दिसत होती एवढंच.

साबिदोनं यातून जे शास्त्र काढलं, त्यात पात्रं तीन प्रकारची असतात. एक ठाम चांगलं, एक ठाम वाईट आणि तिसरं या दोघांच्या मध्ये उभं असलेलं. हे तिसरं पात्र डळमळतं, चुकतं, परत येतं, आणि प्रेक्षक शिकतो ते त्याच्याकडूनच. चांगल्याचं चांगलं होणार आणि वाईटाचं वाईट, हे प्रेक्षकाला पहिल्या दिवशीच कळतं. मधल्याचं काय होईल हे कळत नाही, म्हणून नजर त्याच्यावर राहते. १९७५मध्ये प्रौढ साक्षरतेवर काढलेल्या ‘वेन कोन्मिगो’ या मालिकेत त्यानं हे करून दाखवलं.

मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या ‘हम लोग’नं हाच नकाशा घेतला. १५६ भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगणार. त्यातली आई, भगवंती, ही सतत सोसणारी बाई होती. असं राहू नये, हे दाखवण्यासाठी ती लिहिली होती. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढं प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा उलटंच आढळलं. अनेकांना भगवंती आदर्श वाटली होती. लेखकानं धोक्याची पाटी म्हणून उभी केलेली बाई लोकांनी देव्हाऱ्यात नेऊन बसवली.

या निष्कर्षाचे दोन अर्थ लागतात. पहिला, समाज सोसणाऱ्या बाईला भुलतो. तो खराच आहे. दुसरा मालिकेच्या धंद्याला जास्त महाग पडला : सोसणारी बाई विकली जाते. पुढच्या चाळीस वर्षांत भारतीय वाहिन्यांनी हा दुसरा अर्थ मनावर घेतला आणि साबिदोचं मधलं पात्र विसरून गेल्या. आदर्श म्हणून पूजणं आणि पात्र म्हणून रोज पाहावंसं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूजेला सवय पुरते. पाहण्यासाठी पुढं काय ठरणार आहे याची ओढ लागते.

एकच घाव, तीन बायका

ही ओढ कशी तयार होते आणि कशी विरते, ते पाहायला मराठी मालिकांनी एक छान सोय करून ठेवली आहे. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आहे हे बायकोला कळतं, ही एकच घटना तीन वेगळ्या काळांत तीन गाजलेल्या नायिकांना दिली गेली.

पहिली ‘आभाळमाया’तली सुधा जोशी. १९९९मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, पुढं तीच झी मराठी झाली, आणि तिच्या पहिल्या मोठ्या मालिकेत सुकन्या कुलकर्णींनी सुधा केली. समोर नवरा म्हणून मनोज जोशींचा शरद. सुधा शिकलेली, नोकरी करणारी, मुलींची आई. तिच्यापाशी पगार आहे, विचार आहे आणि शब्दही आहेत. पोट कसं भरायचं हा तिचा प्रश्न नव्हता. जे ठाऊक झालंय त्याच्यासकट कसं जगायचं, हा होता. त्यामुळं तिचं गप्प बसणंसुद्धा ठरवून गप्प बसणं वाटायचं. ती बोलली नाही, तर का बोलली नसेल याची चर्चा दुसऱ्या दिवशी लोकलच्या बायकांच्या डब्यात व्हायची. सुधानं केलं ते बरोबर की चूक, यावर घरात दोन तट पडत. प्रेक्षकांत दोन तट पाडणारं पात्र जिवंत असतं, हे मी तेव्हापासून धरून चाललो आहे.

दुसरी राधिका. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. नागपूरची, वऱ्हाडी बोलणारी, मुंबईत नवऱ्याच्या सोसायटीत गावंढळ ठरवली गेलेली बाई. नाशिकच्या अनिता दाते यांनी तिची बोली अशी उचलली की, तिच्या तोंडच्या साध्या वाक्यालाही माहेर लाभलं. इथं भाषेनं मोठं काम केलं. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत बोलणाऱ्या पात्राला भूतकाळ संवादांतून सांगावा लागतो. राधिकेनं तोंड उघडलं की तिचा भूतकाळ आपोआप ऐकू यायचा. मालवणी अण्णांचंही तेच.

राधिकेचा सगळ्यात चांगला काळ कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण मसाल्यांचा सांगतील. नवऱ्याची मनधरणी सोडून ती मसाल्याचा धंदा काढते, तेव्हा तिला पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवं असतं. मारियाच्या शिलाई यंत्रासारखाच हा मसाला. पात्राच्या हाताला काम दिलं की त्याच्या डोक्यात बेत येतात आणि त्याच्या पराभवालाही वजन येतं. पण मालिका २०२१च्या मार्चपर्यंत चालली. साडेचार वर्षं नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया यांना नवी कारस्थानं करत राहावी लागली आणि राधिकेला ती उधळत राहावी लागली. कारखानदार झालेली बाई अजून त्याच दोघांच्या मागं का, हे विचारायची सोय उरली नाही. तिचा निर्णय केव्हाच झाला होता. मालिकेला तो मान्य नव्हता.

तिसरी अरुंधती देशमुख. स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते’ २०१९च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये संपली. मूळ कथा लीना गंगोपाध्याय यांच्या ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेची. ती हिंदीत ‘अनुपमा’ झाली, शिवाय तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्येही गेली. एकच बाई सात भाषांत घरकाम करत होती, असं म्हटलं तरी चालेल. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती या सगळ्यांत वेगळी वाटली ती तिच्या सावकाशपणामुळं. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर फसवणूक कळल्यावर ती लगेच पेटून उठत नाही. स्वतःला काय वाटतंय हे ओळखायलाच तिला वेळ लागतो, कारण तो प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो. साबिदोचं मधलं पात्र म्हणतात ते हेच. घटस्फोट घेणार की नाही, घर सोडणार की नाही, गाणं पुन्हा हाती घेणार की नाही, मोठी मुलं असताना आशुतोषशी लग्न करणार की नाही : हे चारही प्रश्न खरे होते आणि चारही वेळा उत्तर दोन्हीकडं जाऊ शकत होतं. तेवढ्या काळात अरुंधती मराठी दूरचित्रवाणीवरची सगळ्यात पाहण्याजोगी व्यक्ती होती.

पुढं काय झालं तेही नियमित प्रेक्षकांनी पाहिलं. घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, तरी देशमुखांच्या घरात कपबशी फुटली की अरुंधती हजर. मग आशुतोषचा अपघाती मृत्यू झाला आणि तिनं मिळवलेलं आयुष्य लेखणीच्या एका फटक्यात काढून घेतलं गेलं. ती किंमत तिच्या कुठल्याही निर्णयाची नव्हती. निर्णयाची किंमत म्हणून आलेलं दुःख पात्राला मोठं करतं. कथा पुढं ढकलायला आणलेलं दुःख पात्राला फक्त थकवतं, आणि पाहणाऱ्यालाही.

गुरुवारचा आकडा

याचा दोष लेखकांच्या माथी मारणं सोपं आहे, पण तो अन्याय होईल. हा सगळा गणिताचा खेळ आहे.

दैनंदिन मालिका आठवड्यातून सहा दिवस दिसते. जाहिराती वगळून एका भागाला साधारण बावीस मिनिटं. वर्षाचे तीनशेच्या वर भाग आणि शंभराहून जास्त तास. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. श्रेयनामावलीत ही तीन नावं वेगळी वाचता येतात. त्यांच्यावर वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी. चित्रीकरण बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये, आणि हाताशी शिल्लक भागांची ‘बँक’ जेमतेम काही दिवसांची. ती किती तुटपुंजी असते, हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. १९ मार्च २०२०ला करोनामुळं चित्रीकरणं थांबली आणि थोड्याच दिवसांत सगळ्या वाहिन्यांवर जुने भाग सुरू झाले.

वरून दर गुरुवारी ‘बार्क’ या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. निवडक घरांतल्या संचांना जोडलेल्या मीटरवरून काढलेला हा साप्ताहिक हिशेब. आकडा चढला की चालू ‘ट्रॅक’ ताणायचा, उतरला की तो मोडून नवा आणायचा. अशा कारखान्यात नायिकेचा निर्णय ही सगळ्यात महागडी वस्तू ठरते, कारण निर्णय झाला की ट्रॅक संपतो. ‘मी सगळं सांगून टाकते,’ असं नायिका सोमवारी म्हणाली आणि मंगळवारी तिनं खरंच सांगून टाकलं, तर सहा आठवड्यांचं काम बुडतं. म्हणून तिला सांगू द्यायचं नाही. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, कुणीतरी दाराआड अर्धंच ऐकतं, सासऱ्यांच्या छातीत कळ येते, नाहीतर आईनं शपथ घातलेली असते. ‘होणार सून मी ह्या घरची’तल्या जान्हवीचं बाळंतपण किती लांबलं, यावर महाराष्ट्रानं पोटभर विनोद केले. हसणं बाळाच्या उशिराला होतं. खरा उशीर जान्हवीच्या वाट्याला काहीतरी करण्याजोगं येण्याला झाला होता.

पण गाडा तर पुढं सरकायला हवा. नायिका हलणार नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी हलायला हवं, आणि ते काम खलनायिकेकडं जातं. एखाद्या आठवड्याचे भाग पाहून कागदावर दोन रकाने आखा. नायिकेच्या रकान्यात येईल : ऐकते, सहन करते, रडते, प्रार्थना करते, गैरसमज दूर होण्याची वाट पाहते. खलनायिकेच्या रकान्यात : ठरवते, जाते, भेटते, पैसे देते, कागद बदलते, धमकावते. करणारी सगळी क्रियापदं एका बाजूला गेली, मग पाहणाऱ्याची नजर तिकडं गेली तर त्यात त्याच्या नीतीचा काय दोष?

या वाटेचं शेवटचं स्थानक म्हणजे ‘देवमाणूस’. २०१६मध्ये उघडकीस आलेल्या वाईच्या खूनसत्रावरून प्रेरित अशी ही मालिका २०२०च्या ऑगस्टअखेरीस झी मराठीवर आली. गावात दवाखाना थाटून बसलेला तोतया डॉक्टर किरण गायकवाड यांनी केला होता. ‘लागिरं झालं जी’मध्ये त्यांनी खलनायक केला होता, इथं ते मध्यभागी आले. सुरुवातीचे महिने मालिका विलक्षण पकडून ठेवणारी होती, कारण गावासमोर देवमाणूस आणि दाराआड खुनी अशी कसरत त्याला दर मिनिटाला करावी लागायची. एक चूक झाली की खेळ खलास. पण मालिका लांबली, बळी वाढले, पोलीस दरवेळी एक पाऊल मागं राहू लागले. पुढचं पर्व काढायचं तर त्याला सुटावंच लागणार. किंमत चुकवावी लागणार नाही असं एकदा कळलं की, खुनीही सद्गुणी सुनेइतकाच कंटाळवाणा होतो.

न बदलणारी माणसं

इथं कुणी विचारील, मग शिवाजी साटमांच्या एसीपी प्रद्युम्नचं काय? ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली, १५४७ भाग झाले. प्रद्युम्न पहिल्या वर्षी होता तसाच विसाव्या वर्षी. बोटं फिरवून ‘कुछ तो गडबड है’ म्हणणं, दया या सहकाऱ्याकडून दार तोडून घेणं. बदल शून्य. तरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे पाहायचे.

उत्तर असं की, प्रद्युम्नला काम होतं आणि ते त्याच भागात पुरं व्हायचं. समोर गुन्हा, हाती तुटपुंजे धागे, त्यातून कुणावर संशय घ्यायचा हे त्याला ठरवावं लागे. पात्र बदलत नसलं तरी प्रश्न दरवेळी नवा असतो, आणि तो सुटतो. गुप्तहेर, वैद्य, वकील यांच्या मालिका जगभर टिकतात त्या याच आधारावर.

दुसरी शंका अधिक गोड आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’त तर काहीच घडत नसे. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर बेतलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली ही साप्ताहिक मालिका २००१मध्ये आली. निवृत्त आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. खून नाही, इस्टेट नाही, दुसरी बायको नाही. पण बारकाईनं पाहा, आबा प्रत्येक भागात काहीतरी ठरवतात. सुनेच्या मनाला लागेल ते बोलायचं की गिळायचं, नातवाची चोरी लपवायची की उघड करायची, आपण म्हातारे झालो हे मान्य करायचं की आणखी एकदा हट्ट धरायचा. डाव लहान असला तरी खेळणारे सगळे खरे होते, आणि आबा पुष्कळदा हरायचे. पात्र पाहण्याजोगं व्हायला मोठं संकट लागत नाही, आकाराला साजेसा निर्णय लागतो. आठवड्यातून एक भाग असल्यामुळं तो वेळेत घेण्याची मुभा त्या मालिकेला होती.

बासष्ट भागांचा हिशेब

गणित बदललं की पात्र कसं बदलतं, ते पाहायला एक अमेरिकी उदाहरण घेऊ, कारण ते आता मराठी घरांतही पाहिलं जातं. ‘ब्रेकिंग बॅड’ २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत दाखवली गेली. एकूण भाग ६२, वेळ साधारण पन्नास तास. म्हणजे आपल्या दैनंदिन मालिकेच्या सहा महिन्यांपेक्षाही कमी. नायक वॉल्टर व्हाइट, ब्रायन क्रॅन्स्टननं केलेला, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा पन्नाशीचा माणूस. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळतं आणि कुटुंबासाठी पैसा मागं ठेवायचा म्हणून तो अमली पदार्थ बनवू लागतो.

पुष्कळांना एवढंच आठवतं. माझ्या मते मालिकेचा पाया पहिल्याच पर्वातल्या एका शांत प्रसंगात आहे. त्याचा जुना, आता श्रीमंत झालेला भागीदार उपचारांचा सगळा खर्च देऊ करतो. वॉल्टर नाही म्हणतो. त्या नकाराबरोबर त्याची सबब संपते. इथून पुढं तो जे करेल ते त्याला करायचं आहे म्हणून. पाच पर्वांत या नकाराची किंमत त्याच्या बायकोपासून मेहुण्यापर्यंत सगळे मोजतात, आणि शेवटच्या भागात तो बायकोसमोर कबूल करतो की, हे सारं त्यानं स्वतःसाठी केलं. आपल्याकडच्या मालिकेत हाच प्रसंग लिहिला असता, तर भागीदारानं पाठवलेला धनादेश मत्सरी वहिनीनं फाडून टाकला असता आणि वॉल्टरला ते कधी कळलंही नसतं. तो निष्पाप राहिला असता, आणि मग त्याला पाहायचं कशाला?

याचा अर्थ परदेशी ते चांगलं आणि आपलं ते टाकाऊ असा मुळीच नाही. मराठीतही मोजक्या भागांचं काम झालं की पात्राला कणा येतो. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, सतीश राजवाडेंनी दिग्दर्शित केलेली ‘समांतर’ ही २०२०ची वेबमालिका पाहा. स्वप्नील जोशींचा कुमार महाजन दुसऱ्या माणसाच्या भूतकाळात स्वतःचं भविष्य वाचतो. पुढचं पान उलटायचं की नाही हा एवढासा निर्णय, पण त्यावर सगळी मालिका तोलून धरली आहे. दैनंदिन मालिकांचे नट, लेखक, दिग्दर्शक यांच्यातही तेवढंच बळ आहे. अरुंधतीच्या पहिल्या दीड-दोन वर्षांनी ते दाखवून दिलं. त्यांना हवा आहे तो शेवट. कधी संपवायचं हे ठाऊक असलेला लेखकच नायिकेला वेळेवर निर्णय घेऊ देऊ शकतो. गुरुवारचा आकडा चांगला आला म्हणून वर्षभर वाढलेली मालिका आपल्याच नायिकेला खाते.

वाहिन्या हे आपण होऊन करणार नाहीत. संच चालू आहे की बंद, कुठल्या वाहिनीवर आहे आणि घरातलं कोण समोर बसलंय, मीटर एवढंच मोजतो. आपण कंटाळून बघतोय की जीव लावून, ते त्याला कळत नाही. ते आपल्यालाच कळतं. म्हणून वाचकांना एक सांगणं आहे. आपल्या आवडत्या मालिकेचा एक आठवडा हातात कागद घेऊन बघा. सहा भागांत मुख्य पात्रानं स्वतः ठरवून केलेली एक गोष्ट शोधा, आणि त्याबद्दल त्यानं काय गमावलं ते तिच्यापुढं लिहा. कागद कोराच राहिला, तर वाहिनी बदला. त्या पात्राच्या लेखकावर उपकार होतील.